डोंगरावरची धाव : हौस कुणाची, पाय कुणाचे?



पळणे म्हटले की आपल्या घरांत दोनच गोष्टी आठवतात. एक पोलीस भरती आणि दुसरी, स्टँडवरून सुटलेली एस.टी. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रात पळण्याचा एक तिसरा प्रकार चांगलाच रुजला आहे. तो म्हणजे डोंगरावर पळणे. मैदानातल्या आखीव गोलात नाही, तर घाट चढून, कड्याच्या कडेने, गडावरच्या तळ्याच्या काठाने जायचे आणि पुन्हा खाली उतरायचे. या प्रकाराला ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात. आपण साध्या भाषेत डोंगरधाव म्हणू.

आपल्या वस्त्यांतली तरुण मुले-मुली याविषयी विचारू लागली आहेत आणि त्यांच्यापेक्षा त्यांचे आईवडील जास्त विचारतात. हे काय नवीन खूळ? पैसेवाल्यांची हौस आपल्याला कशी परवडणार? यात पोटापाण्याचे काही आहे का? हातपाय मोडला तर? प्रश्न रास्त आहेत. म्हणून आज शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि रेशनकार्डाच्या दुरुस्त्या बाजूला ठेवून याच विषयावर लिहितो.

रत्नागिरीकराला सर्वांत जवळची आणि नवख्याला झेपेल अशी शर्यत साताऱ्याची. ‘सातारा हिल हाफ मॅरेथॉन’ २०१२ साली सुरू झाली. अंतर २१ किलोमीटर. सातारा शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला काही अंतर जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. अर्धी शर्यत चढाची, अर्धी उताराची. रस्ता डांबरी असल्याने ही तशी शुद्ध डोंगरधाव नव्हे, पण चढ खरा आहे. पावसाळा सरत येतो त्या दिवसांत ती होते, त्यामुळे घाटात धुके आणि अंगावर भुरभुर. त्याच रस्त्याने पुढे गेले की कासचे पठार आणि कासचा तलाव लागतो, साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. शर्यत तलावापर्यंत जात नाही, पण सातारकर पितात ते पाणी ब्रिटिश अमदानीपासून याच तलावातून उताराच्या जोरावर शहरात आले आहे. पश्चिम घाटातील ज्या जागांना २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत कासचे पठारही आहे.

खरी खडतर शर्यत पुणे जिल्ह्यातली. सिंहगड, राजगड आणि तोरणा या गडांच्या मुलखात २०१८ पासून ती भरते. सर्वांत मोठे अंतर १०० किलोमीटर, त्याखाली ५३, २५ आणि ११. इथे डांबर फारसे नाही. घसाऱ्याची माती, कातळ, कारवीचे रान, अरुंद सोंड. तोरणा समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर. राजगडाच्या पद्मावती माचीवर जुने तळे आहे आणि गडांवरून खाली पाहिले तर धरणांची पाणी चमकताना दिसतात. मोठ्या अंतराच्या धावपटूंना काळोखात कपाळावर बॅटरी बांधून वाट शोधावी लागते. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेत पोहोचला नाहीत तर तुम्हाला थांबवतात, मग पायात कितीही जोर असो.

या खेळाचे मोठे पीठ युरोपात, आल्प्स पर्वतात आहे. माँ ब्लाँ हे ४८०० मीटरहून उंच बर्फाचे शिखर. त्याला पूर्ण वळसा घालणारी शर्यत २००३ साली सुरू झाली. फ्रान्समधल्या शामोनी गावातून निघायचे, इटलीत उतरायचे, स्वित्झर्लंडमधल्या शाँपे गावच्या सुंदर तळ्यावरून पुन्हा फ्रान्समध्ये यायचे. सुमारे १७० किलोमीटर अंतर आणि सगळे चढ एकावर एक रचले तर जवळपास १०,००० मीटर. वेळ साडेशेहेचाळीस तास. पहिल्या वर्षी हवामान इतके वाईट होते की निघाले सातशेच्या वर आणि पूर्ण फेरी करून परतले अवघे ६७. त्यात पहिला कोण आला? दावा शेर्पा. नेपाळमधल्या सोलुखुंबूचा, एव्हरेस्टच्या मुलखातला माणूस. वीस तासांत तो परत आला होता. महागडे बूट, घड्याळे, जाकिटे यांच्या त्या मेळाव्यात पहिला मान डोंगरातच वाढलेल्या माणसाला मिळाला, याचे मला नवल वाटत नाही.

कारण डोंगर चढणे-उतरणे ही हौस होण्याच्या कितीतरी आधी ती गरज होती. आपल्या जिल्ह्यातलेच पाहा. खेड तालुक्यातल्या खोपीहून रघुवीर घाट चढला की पलीकडे कांदाटी खोरे लागते. शिंदी, वळवण ही तिथली गावे. कागदोपत्री ती सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वर तालुक्यात. पण मध्ये कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पसरला आणि तालुक्याच्या गावाला जायचे तर लाँच धरण्याची पाळी आली. म्हणून बाजाराला आणि दवाखान्याला ही माणसे घाट उतरून खेडला येत राहिली. गाडीरस्ता होण्यापूर्वी सारे पायी. डोक्यावर ओझे घेऊन उतरायचे आणि मीठ, सुकी मासळी, कापडचोपड घेऊन चढायचे. त्याच शिवसागराचे पाणी बोगद्यांतून पोफळीला पडते, वीज करते आणि आपल्या वाशिष्ठीला मिळते. चिपळूणकरांच्या नदीत वाहणारे ते पाणी डोंगरावरच्या तळ्याचेच म्हणायचे. (तरुणांना एक सूचना : या डोंगररांगेचा मोठा भाग कोयना अभयारण्यात आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे पळायला जाऊ नये.)

आणखी एक गोष्ट. गावगाड्यात महारकीची जी कामे आपल्या आज्या-पणज्यांच्या गळ्यात होती त्यांत सरकारी निरोप पोहोचवणे, वसुलीची रक्कम तालुक्याच्या कचेरीत नेणे, वाटसरूला पुढच्या गावापर्यंत वाट दाखवणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे ही कामे होती. मध्यरात्री हाक आली तरी निघायचे, पावसात नदी चढली तरी निघायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले ते या वेठीविरुद्धच. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला पुढे १९५८ साल उजाडले. आज त्याच घरातली मुलगी स्वतःच्या मर्जीने, छातीवर स्वतःचा क्रमांक लावून डोंगर चढते. पाय तेच आहेत, हुकूम मात्र दुसऱ्याचा नाही. मला तरी हा फरक मोठा वाटतो.

अशा पायांच्या बायका आपल्या आजूबाजूला कमी नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत डोंगरवाटांवर वाढली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने ब्राँझ मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराला रौप्य. दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. बारामतीत मोलमजुरी करणाऱ्या, साठी ओलांडलेल्या लता करे यांनी २०१३ साली नवऱ्याच्या तपासणीचा खर्च निघावा म्हणून नऊवारी नेसून, अनवाणी, ज्येष्ठांची शर्यत जिंकली. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःचेच काम केले.

नेपाळच्या मीरा राईची हकिकत तर शाळेतल्या प्रत्येक मुलीला सांगावी अशी. भोजपूर जिल्ह्यातल्या गरीब घरची पोर. शाळा सुटली, तांदळाची पोती पाठीवर घेऊन डोंगर चढली-उतरली, चौदाव्या वर्षी माओवाद्यांच्या फौजेत गेली. २०१४ साली काठमांडूजवळ दोन धावपटूंच्या सांगण्यावरून सरावाला म्हणून गेली तर ती निघाली ५० किलोमीटरची शर्यत. अंगावर साधे कपडे, जवळ खायला काही नाही, तरी बायकांत पहिली. पुढच्याच वर्षी तिने वर सांगितलेल्या माँ ब्लाँच्या कुशीतली ८० किलोमीटरची शर्यत जिंकली. आता ती नेपाळी मुलींना या खेळात आणण्याचे काम करते.

आता घरातल्या प्रश्नांकडे वळू. आमच्या वाडीतली एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलींना ८०० मीटर आणि मुलांना १६०० मीटर धावण्याला २० गुण, बाकीचे १०० मीटर आणि गोळाफेकीला. ही पोर पहाटे थिबा पॅलेसच्या चढावर सराव करायची, कधी भाट्याच्या वाळूत. तिच्या मैत्रिणीने साताऱ्याच्या शर्यतीचे नाव काढले आणि घरात वाद पेटला. बाप गवंडीकाम करतो. माणूस सरळ, पण घाबरट. मला बोलावून म्हणाला, “भाऊ, तुम्हीच समजवा हिला. डोंगरावर पळायला जाते म्हणते. पडली, पाय मोडला, तर उद्या लग्नाचं काय?”

मी काही बोलण्याआधी आतून तिची आईच बोलली. “लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन मी डोंगर उतरत होते तेव्हा कुणी नाय विचारलं लग्नाचं काय होईल म्हणून. आता पोरगी रिकाम्या डोक्यानं उतरते तर तुम्हाला काळजी पडली?”

बाप गप्प झाला. पण पैशांचा प्रश्न उरलाच. अशा शर्यतींची फी एका मजुराच्या दोन-तीन दिवसांच्या कमाईइतकी असते, मोठ्या अंतरांची त्याहून पुष्कळ जास्त. वर बूट, एस.टी.चे भाडे, रात्री राहणे. या खेळात आपली मुले कमी दिसतात त्याचे कारण हेच आहे, अंगात दम नाही असे नव्हे. आयोजकांनी शेतमजूर आणि कामगारांच्या मुलांसाठी थोड्या जागा बिनफीच्या ठेवल्या तर त्यांच्या खर्चात असा काय फरक पडणार आहे? वाडीतल्या महिला मंडळाने शेवटी फीचे पैसे उभे केले. जयंतीच्या मांडवावर आपण जेवढे उधळतो त्याच्या मानाने ते चिल्लर होते, पण हे वाक्य लिहिले की पुढच्या बैठकीत माझी खैर नाही.

मुलीबरोबर साताऱ्याला आईच गेली. मुलगी पावणेतीन तासांत परत आली, धडधाकट. तीन तास रस्त्याकडेला उभी राहून आईने जे पाहिले ते मात्र मला कुठल्याही पुस्तकाहून मोलाचे वाटले. ती म्हणाली, “भाऊ, चढताना सगळे बरे चढतात. उतरताना मात्र पोरी टाच आपटत धावतात, शरीर मागं टाकतात. डोक्यावर मोळी असती तर गडगडल्या असत्या. उतारावर गुडघा वाकवून, बारीक बारीक पाऊल टाकायचं. नजर पायाखाली नाय, चार पावलं पुढं.”

या खेळातले शिक्षकही हेच शिकवतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन तोलून धरतात, म्हणून चढापेक्षा उताराने जास्त इजा होते आणि मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येतात. लांब ढांग टाकली की प्रत्येक पावलाला गुडघ्याला धक्का बसतो. चढावर उलट गोष्ट. तिथे पळत राहण्याचा हट्ट धरू नये. खड्या चढावर जगातले नामवंत धावपटूही हात मांडीवर टेकून चालतात. सोबत्याशी एखादे वाक्य बोलता आले पाहिजे, तेवढाच वेग धरावा. बोलताना धाप लागली की मंदावावे.

बूट फार भारी नकोत, पण तळव्याला खाचा हव्यात आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखे काळी पडतात. पायाला चीर असेल तर आपल्या कोकणात पावसाळ्यात शेताच्या पाण्यातून अनवाणी पळू नये. लेप्टोचा ताप कसा असतो हे इथल्या घरांना सांगायला नको. बाजारातल्या पावडरींच्या डब्यांमागे लागू नका. नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, अंडी, सुका जवळा, वाटेत खायला शेंगदाणे-गूळ, एवढ्यावर भागते. दोन तासांहून जास्त पळायचे असेल तर नुसते पाणी ढोसत राहू नये. रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस भोवळून पडू शकतो. ओ.आर.एस.चे पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून घोटघोट घ्यावे. आणि मुलींनी सराव वाढवण्याआधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले होते. रक्तच कमी असेल तर चढावर दम लागणारच, त्याला आळस म्हणून पोरीला बोलू नये. मुलांच्या छातीत दुखत असेल, पळताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, घरात कुणी तरुण वयात अचानक गेले असेल, तर आधी डॉक्टर आणि मग धाव.

धोका नाही असे मी म्हणणार नाही. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरावर १०० किलोमीटरची शर्यत होती. १७२ धावपटू. सकाळी हवा बरी होती म्हणून बहुतेकांच्या अंगावर पातळ बनियन आणि अर्धी चड्डी. दुपारी उंचावर वादळी वारा, गारा आणि गोठवणारा पाऊस आला. वाऱ्यापासून वाचवणारे जाकीट जवळ बाळगण्याची सक्ती आयोजकांनी केली नव्हती. २१ जण गारठून मेले. त्यांत त्या देशातले पहिल्या दर्जाचे धावपटू होते. झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ मेंढरे घेऊन त्याच डोंगरावर होता. तो एका गुहेत आसऱ्याला बसला होता. त्याने धावपटूंना आत आणले, शेकोटी पेटवली आणि सहा जणांचे प्राण वाचवले. आपला सह्याद्री तेवढा उंच नाही, पण भिजलेल्या अंगाला वारा लागला की गारठा इथेही भरतो. पातळ का होईना, एक पावसाळी जाकीट, शिट्टी आणि चार्ज केलेला फोन कमरेला असल्याशिवाय मुलाला डोंगरावर सोडू नका. एकट्याला तर मुळीच नाही.

काही तरुण लडाखची स्वप्ने पाहतात. बौद्ध मुलूख, उंच गोंपा, निळी सरोवरे, ओढ वाटणे साहजिक आहे. २० फेब्रुवारी २०२३ रोजी तिथल्या पँगाँग सरोवराच्या गोठलेल्या पाठीवर २१ किलोमीटरची शर्यत झाली. ४२०० मीटरच्या आसपासची ती उंची. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ६० टक्के, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. भाट्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या पोराने विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी पळायला लागणे म्हणजे जिवाशी खेळ. काही दिवस नुसते राहून शरीराला सवय करावी लागते. डोके दुखणे, मळमळ, झोप न येणे ही लक्षणे वाढू लागली की औषधाची वाट न पाहता खाली उतरायचे.

आणि पोटापाण्याचे? इथे स्पष्ट बोलतो, कारण या बाबतीत अनेक पालकांची समजूत चुकीची आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण ते मान्यताप्राप्त संघटनांच्या, ठरवून दिलेल्या दर्जाच्या स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळते. खाजगी संस्थांच्या मॅरेथॉनचे गळ्यातले पदक आणि प्रमाणपत्र त्यात चालत नाही. ज्याला त्या वाटेने जायचे आहे त्याने शालेय क्रीडास्पर्धा, जिल्हा अॅथलेटिक्स संघटनेच्या निवड चाचण्या, क्रॉसकंट्री यांत नाव नोंदवावे आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन नियम लेखी पाहावेत. डोंगरधाव त्याला पूरक. चढावर कमावलेला दम ८०० आणि १६०० मीटरला उपयोगी पडतो. मात्र वेगाचा सराव मैदानावर वेगळा करावा लागतो. आमच्या वाडीतल्या मुलीच्या भरतीचा निकाल अजून लागायचा आहे. ती पहाटे पळतेच आहे, आणि तिच्यामागे आता आणखी चार मुली आल्या आहेत. गवंडी बाप सायकल घेऊन पुलापर्यंत सोबत जातो.

वाचकांना एक विनंती. खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर या भागांतल्या बौद्धवाड्यांतून घाटमाथ्यावर जाणाऱ्या जुन्या पायवाटा पुष्कळ होत्या. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, विशेषतः आज्यांना : वाटेचे नाव काय, कुठून निघायची, पाणी कुठे मिळायचे, ओझ्यासकट चढायला किती वेळ लागायचा. पोस्टकार्डावर मावेल एवढे लिहून या सदराच्या पत्त्यावर पाठवा, सांगणाऱ्या आजीच्या गावासह. जमतील तेवढ्या वाटा पुढच्या अंकांत छापू.